उपकारस्तुतीचं जेवण, दोन पातेली भात आणि एक प्रश्न

पाचव्या_बाकावरची

गेल्या रविवारी आमच्या मंडळीची (म्हणजे चर्चची) हंगामाची उपकारस्तुती झाली, पिकाबद्दल देवाचे आभार मानायची उपासना. कोल्हापुरातल्या मराठी मंडळींत ही कशी असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. वेदीपुढं ऊस, भोपळे, केळीचे घड, नाचणी, गुळाची ढेप, दोन जिवंत कोंबड्या (उपदेशात मधेमधे 'आमेन' म्हणणाऱ्या). नंतर लिलाव, नंतर जेवण.

जेवण समितीत मी होते. आचाऱ्याला साडेतीनशेचा आकडा मीच दिला. सत्तर किलो मटण. सकाळी अकराला परतीचा पाऊस जो कोसळला, त्यात खेड्यातली माणसं आलीच नाहीत. जेमतेम दोनशे दहा पानं उठली. चार वाजता दोन पातेली भात, एक अख्खं पातेलं पांढरा रस्सा आणि चपात्यांची चळत समोर. पांढरा तर आंबूस यायला लागला होता. फोनाफोनी केली, कुणी येईना. शेवटी कंपाउंडच्या मागं गटारात ओतला. ओतताना पातेल्याचा एक कान मी धरला होता.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेशाला कोणता उतारा घेतला असेल? योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. पाच भाकरी, दोन मासळ्या, त्यात येशूनं पाच हजारांना जेवू घातलं तो. 'काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा.'

पुढच्या शनिवारी समितीची बैठक आहे. नाताळचं जेवण बंदच करावं, तेवढे पैसे दान द्यावेत असा एका वडीलधाऱ्यांचा प्रस्ताव आहे. मला धड हो म्हणवत नाही, धड नाही म्हणवत नाही. म्हणून इथं विचारते : हे पाप झालं की नुसती हिशेबाची चूक? आणि आपण 'उधळपट्टी' म्हणतो ती नक्की कशाला?

तांबडा_रस्सा

पांढरा गटारात?? ताई, कोल्हापुरात याला जामीन मिळत नाही.

बावडेकर

आधी व्यवहाराचं बोलू, शास्त्राचं मागनं.

साडेतीनशेला सत्तर किलो म्हणजे माणशी दोनशे ग्रॅम. आचारी कायम जास्तच सांगतो, त्याचं काय जातंय? कमी पडलं तर नाव त्याचं जातंय, उरलं तर पैसे तुमचे. आमच्या घरच्या कार्यात मी माणशी दीडशेनं धरतो. त्यात म्हातारी, बारकी पोरं, 'मी शाकाहारी झालो' म्हणणारी सून, सगळं बसतंय.

दुसरं. पांढऱ्याला नारळाचं दूध असतंय. ते उकाड्यात टिकत न्हाई. तांबडा संध्याकाळपर्यंत दम काढतो. म्हणून पांढरा दोन टप्प्यांत करायचा : अळणी (मटण शिजवलेलं पाणी) काढून ठेवायचं, नारळाचं दूध पंगत बघून घालायचं. दुसरी पंगत भरली न्हाई तर अळणी उरतंय, त्ये गरम करून दुसऱ्या दिवशी बी चालतंय. हे आचाऱ्याला सांगायला लागतंय. तो आपणहून करत न्हाई, कारण त्याला दोनला घरी जायचं असतंय.

पाचव्या_बाकावरची

बावडेकर, हे आधी भेटायला हवं होतात. पण खरं सांगू? आचाऱ्यानं 'तीनशे धरूया का' असं विचारलं होतं. मीच म्हटलं, कमी पडलं तर नाक जाईल. ते पातेलं पावसामुळं नाही, माझ्या नाकामुळं उरलं.

नगरी_मावशी

मला विचाराल तर पाप. चूक वगैरे नाही.

माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळातली. आईबाप वाटेत गेले, मिशनच्या लोकांनी उचलून आणली. तेव्हा केडगावला पंडिता रमाबाईंकडेही अशाच मुली गाड्या भरून आल्या, दोन हजारांच्या आसपास माणूस होतं त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये. रमाबाईंनी स्वतःचे आईबाप दुष्काळातच गमावले होते. आम्ही महाराष्ट्रातले पुष्कळसे ख्रिस्ती त्या भुकेचे वंशज आहोत हे आजकाल कुणाच्या लक्षात राहत नाही. पणजी ताटात शीत राहिलं तर ओरडायची नाही. ते शीत बोटानं उचलून स्वतः खायची, आपल्यासमोर. त्याची लाज मारापेक्षा जास्त वाटायची.

आता आमच्या लग्नांतून बुफे बघते. एकेका ताटात तीन गोडाचे पदार्थ, दोन चमचे खाऊन ताट टबात. वर 'आशीर्वाद' म्हणून ख्रिस्ताचं नाव घ्यायला आपण मोकळे.

वसईचा_वारा

मावशी, +१. पोप फ्रान्सिस २०१३ च्या जूनमध्ये जवळपास हेच बोलले होते : अन्न फेकणं म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणं. आमच्या फादरांनी ते मिस्साला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एका लग्नात सात प्रकारची भजी होती.

बारावी_टोपली

(नाव धाग्यासाठी बदललेलं नाही, जुनंच आहे. योहान सहात उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरतात, तो योगायोग.)

पाचव्या बाकावरच्या ताई, पाळकसाहेबांनी योहान सहा घेतला, मी त्याच्यापुढं योहान बारा ठेवतो. दोन्ही एकाच शुभवर्तमानात आहेत आणि दोन्हीकडं हिशेब करणारा एकेक माणूस बसला आहे.

सहाव्या अध्यायात फिलिप्प. दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाला थोडंथोडं मिळायलाही पुरणार नाहीत म्हणतो. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. बाराव्यात बेथानीची मरीया (येशूची आई नव्हे) येशूच्या पायांवर जटामांसीचं तेल ओतते आणि यहूदा, येशूला पुढे धरून देणारा, पैशांची थैली सांभाळणारा आणि त्यातलं चोरणारा शिष्य, किंमत काढतो : तीनशे दिनार, विकून गरिबांना का दिलं नाही? म्हणजे पाच हजारांच्या जेवणाला जे पुरत नव्हतं त्याच्या दीडपट रक्कम एका संध्याकाळी एका माणसाच्या पायावर गेली. आणि येशू म्हणतो, तिला असू दे.

तोच येशू, जो भाकरीचे चुरे गोळा करायला लावतो!

तेव्हा उधळपट्टी किमतीवरून मोजता येत नाही असं मला वाटतं. तेल कुणासाठी ओतलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तुमचा पांढरा कुणासाठी ओतला गेला? कुणासाठीच नाही. फरक तिथं आहे.

ता. क. जटामांसी ही हिमालयातली वनस्पती. माल आपल्या बाजूचाच होता.

हिशेबनीस

छान प्रवचन. पण या चर्चेतून पुढच्या नाताळला काय होणार? परत जेवण, परत गटार. मी एका मंडळीत सहा वर्षं खजिनदार होतो. वर्षाच्या दानापैकी जेवणावळी, मंडप, रोषणाई यांवर जे जातं ते पाहिलं तर झोप उडेल. माझं स्पष्ट मत : जेवण बंद करा, पैसे वसतिगृहातल्या मुलांच्या फीला द्या. गरिबांना दिलं की प्रश्न मिटला.

तांबडा_रस्सा

हे वाक्य योहान बारात कुणीतरी बोललंय ना? 😄

हिशेबनीस

तुम्ही मला यहूदा म्हणताय? सहा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, वह्या आजही दाखवतो. संपादकांनी लक्ष घालावं.

तांबडा_रस्सा

काका, चुकलं. माफी. वह्या नकोत.

संपादक_मंडळ

व्यक्तिगत टिप्पणी टाळावी. शास्त्रातल्या व्यक्तींच्या उपमा सदस्यांना देऊ नयेत, विशेषतः ज्यांचा शेवट वाईट झाला त्यांच्या.

महाद्वारचा_मुलगा

मी हिंदू आहे, गप्प वाचत होतो. आमच्याकडं महाप्रसादाला पण हीच भानगड, फक्त मटण नसतं. ताटात टाकलं की आज्जी पाठीत धपाटा घालायची, एवढंच आमचं धर्मशास्त्र. एक विचारतो, तुमच्याकडं देवापुढं ठेवलेल्या भोपळ्याचा लिलाव करतात? विकतात? देवाला दिलेलं?

बावडेकर

भावा, आता कसं विचारलास!

लिलाव म्हणजे आमच्या उपकारस्तुतीचा जीव. समज तू एक नारळ आणलास. मी बोली लावून दोनशेला घेतला. पैसे मंडळीत जमा. मी नारळ घरी नेत न्हाई, परत वेदीवर ठेवतो. मग आणखी कोण तरी तीनशेला घेतो, परत ठेवतो. यंदा आमच्याकडं एक नारळ पाचदा विकला, शेवटी एका विधवा बाईंच्या पिशवीत गुपचूप घातला. तीस रुपयाचा नारळ हजाराच्या वर गेला आणि शेवटी ज्याला लागत होता त्याच्या घरी गेला. कोंबडीवर तर मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांची ईर्षा लागते, मागच्या वर्षी बाराशेला गेली. अंडी देणारी पण नव्हती.

महाद्वारचा_मुलगा

म्हणजे नारळ पाच वेळा वापरला आणि फुटला एकदाच. लई भारी. मग तेच डोकं रश्श्याला का नाही वापरत?

पाचव्या_बाकावरची

😐

मिरजेची_सिस्टर

मी चाळीस वर्षं नर्सिंग केलो. त्यामुळं आधी एक काळजीचं : 'उरलेलं अन्न गरिबांना वाटा' म्हणणाऱ्यांनी भाताकडं नीट बघावं. शिजलेला भात पातेल्यात गरमकोमट चार-पाच तास राहिला की त्यात जंतू वाढतात, परत गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. उलट्या होतात. चार वाजताचा भात तुम्ही वाटला नाहीत हे बरंच केलंत. वाटायचं असेल तर बाराला काढा, चारला नको.

नगरी_मावशी

बरोबर बोललात दादा.

मिरजेची_सिस्टर

दादा न्हाई हो, ताई. आमच्याकडं बायका 'मी केलो, मी गेलो' असंच बोलतात. कोल्हापूरच्या सुनेला इकडं आल्यावर दोन वर्षं लागतात, मग ती पण 'मी आलो' म्हणतीया.

आता मूळ प्रश्नावर. ते पातेलं वाचून मला वेगळंच आठवलं, चार दिवस लिहू की नको करत होतो.

मी मिरजेला वॉनलेस हॉस्पिटलमध्ये शिकलो. १८९४ चं हॉस्पिटल ते. शिकवणाऱ्या जुन्या सिस्टर कापसाचा बोळा सुद्धा मोजून द्यायच्या. पट्ट्या धुऊन, उकळून, गुंडाळून ठेवायचो. ते वळण हाताला लागलं ते आजपर्यंत. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मंडळीनं मला कशासाठी बोलावलं? चहा करायला. आणि एकदा पाळकीणबाईंच्या पायाला पट्टी बांधायला.

मी पण कधी उठून म्हटलो नाही की मला बीपी बघता येतं, शुगर बघता येते, अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे घरच्यांना शिकवता येतं. आमच्या मंडळीत तीन म्हातारी माणसं अंथरुणावर आहेत. एकाला पाठीला जखमा झाल्या, मला कळलं ते अंत्यविधीच्या दिवशी. मी तिथं उभा होतो, बाकी सगळे रडत होते, आणि मला रडू येईना. रागच येत होता, आणि कुणाचा येतोय ते पण कळेना.

तुम्ही एक पातेलं ओतलं म्हणून इतक्या हळहळताय, पाचव्या बाकावरच्या ताई. माझं नऊ वर्षांचं पातेलं झाकणासकट पडून आहे. नासलं का अजून चालेल, माहीत नाही.

पाचव्या_बाकावरची

सिस्टर, मी हे तीनदा वाचलं.

बारावी_टोपली

सिस्टर, येशूच्या तालांतांच्या दाखल्यात धनी चाकरांकडं पैसे सोपवून जातो, आणि एक तालांत मिळालेला ते जमिनीत पुरून ठेवतो. आपण त्याला बिचारा समजतो. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, मजुराची जवळजवळ वीस वर्षांची मजुरी. तो गरीब नव्हताच. त्यानं खाल्लं नाही, उडवलं नाही, जसंच्या तसं परत आणलं. आपल्या भाषेत त्याला काटकसरी म्हटलं असतं. आणि तरी धनी त्याच्यावर भडकतो. मला हा दाखला लहानपणी अन्यायाचा वाटायचा.

(चाळीस वर्षं तुम्ही वापरलेत. नऊ वर्षांत मंडळीनं पुरलं असेल तर त्याचा जाब मंडळीला विचारतील, तुम्हाला नाही.)

शोकेसमधले_कप

माझी आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत सोळा साड्या निघाल्या, घडी न मोडलेल्या. दोनांना कसर लागली होती. 'नाताळला नेसेन' म्हणायची. नाताळ यायचा, मग म्हणायची ईस्टरला. शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की स्टीलच्या पेल्यातून चहा, कारण 'हे काही तेवढे पाहुणे नव्हेत'. ती उधळी नव्हती हो. एक पोळी वाया घालवली नाही तिनं. पण त्या साड्या बघून मी जितका रडलो तितका दफनाला रडलो नव्हतो.

येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्रावर हजार उपदेश ऐकलेत. घरी राहिलेल्या थोरल्या भावावर कुणी बोलत नाही. तो म्हणतो, मला कधी एक करडूही दिलं नाहीत मित्रांबरोबर मजा करायला. बाप म्हणतो, अरे, माझं सगळं तुझंच आहे की. म्हणजे गोठा भरलेला होता, यानं कधी मागितलंच नाही! धाकट्यानं उडवून घालवलं, थोरल्यानं न वापरून.

तांबडा_रस्सा

आणि धाकटा परत आल्यावर बापानं शेवटी पोसलेलं वासरू कापलं आणि गाव जेवू घातलं. हिशेबनीस काका असते तर म्हटले असते, कोंबडीवर भागवा. (काका, ही यहूदाची उपमा नाही. थोरल्या पुत्राची पण नाही.)

हिशेबनीस

कोंबडीच म्हटलो असतो. त्यात वाईट काय?

नगरी_मावशी

वस्तूंवरून आठवलं. आमच्या देवळात वाजवायची पेटी आहे, सुंदर, जुनी, मिशनरींच्या काळची. कपाटात. किल्ली एका गृहस्थांकडे, ते पुण्याला मुलाकडे. आम्ही भजनं मोबाईलवर लावतो.

कोडोलीकडचा

मी शेतकरी. ऊस आहे, थोडा भुईमूग. चर्चा शहरातली चाललीया म्हणून गप होतो, पण सगळे जण 'उरलेलं कुणाला द्यायचं' यावरच अडकलाय, म्हणून लिहितो.

आमच्याकडं भुईमूग काढला की आसपासच्या बाया-पोरी खुरपी घेऊन येतात, रानात राहिलेल्या शेंगा उकरून वेचतात. त्याला सरवा म्हणतात. कुणी हाकलत न्हाई. माझा आजा तर मजुरांना म्हणायचा, फार कोरून काढू नका रे. आम्हाला वाटायचं म्हातारा आळशी झालाय. नंतर पवित्र शास्त्रातलं रूथचं पुस्तक वाचलं, त्यात रूथ ही गरीब विधवा सरवा वेचायला येती तवा शेताचा मालक बवाज गड्यांना हेच सांगतो, की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम टाका, तिला वेचू द्या. आणि मराठी पवित्र शास्त्रात शब्द बी तोच हाय, सरवा. शास्त्रातल्या लेवीय पुस्तकात तर नियमच घातलाय : शेताचे कोपरे कापू नका.

आता बघा. कोपरा कापायच्या आधी सोडायचा असतोय. खळं झालं, पोती भरली, मग तळातलं कोंडा-माती मिसळलेलं दिलं, असं न्हाई. आणि गरीब बाई स्वतः येऊन स्वतःच्या हातानं वेचती. तिच्या पदरात कुणी वरनं टाकत न्हाई, फोटो कुणी काढत न्हाई.

तुमच्या पातेल्याचं मला एवढंच दिसतंय. साडेतीनशेचं जेवण केलंत, त्यात कोपरा कुठं होता? चार वाजता आठवण झाली गरिबांची. तवर पांढरा आंबला.

आता माझं पण सांगतो, न्हाईतर म्हणाल शहाणपणा शिकवतोय. उसात सरवा नसतोय. ऊसतोड झाली की वाढं गुरांना जातंय, बाकी सगळं ट्रॉलीत भरून कारखान्याला. माझ्या तीन एकरांतल्या अडीच एकरांत कोपराच न्हाई. पाट सोडून घरला येऊन झोपतो, पाणी रात्रभर चालू. आमच्या आजाच्या वेळी मोट होती, पाण्याची किंमत बैलाच्या आणि त्याच्या पाठीला कळायची.

बावडेकर

कोडोलीकर, तुमी असं काय लिवलाय राव. सकाळी बायकोला वाचून दाखवलं.

पाण्यावरनं एक. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या दारापर्यंत पंचगंगा, आणि नळाला थेंब न्हाई, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली. २०२१ ला परत तेच. चहूबाजूनं पाणी आणि पोरगं म्हणतंय पप्पा तहान लागली. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभा असताना मी देवाला लई मोठमोठी वचनं दिली होती. आता काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट आलंय, जोरात येतंय. परवा मी मोटारसायकल पाइप लावून धुतली, वीस मिनिटं. वचनं आठवली ती आत्ता, कोडोलीकरांचा पाट वाचून.

शोकेसमधले_कप

त्याच पुरात मी एका शाळेतल्या छावणीत कपडे वाटायला होतो. ट्रक भरून कपडे यायचे. फाटलेल्या पँटी, एका पायाचा मोजा, बटणं तुटलेले कोट, कळकट परकर. लोकांनी कपाटं रिकामी केली होती. निवडून निवडून हात भरून यायचे, आणि शेवटी त्याचा ढीग पावसात भिजून कचऱ्याच्या गाडीत गेला. दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलेला आपलाच कचरा तो. कोडोलीकरांचा 'कोपरा' वाचल्यावर मला त्या ढिगाचं नाव सापडलं.

एक बाई मात्र आली होती, नवीन सहा परकर घेऊन, दुकानाच्या पिशवीत, पावतीसकट. 'माप चुकलं तर बदलून घ्या' म्हणाली. गेली. नाव पण नाही सांगितलं.

फौजी_निवृत्त

उशिरा आलो. माझी शेवटची पोस्टिंग मिझोराममध्ये. तिथल्या ख्रिस्ती घरांत बाई भात शिजवायला तांदूळ घेते तेव्हा आधी त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात काढते. दर जेवणाला. मग चर्चचे लोक ते गोळा करतात, विकतात, त्यातून मंडळीची कामं चालतात. शंभर वर्षांच्या वर चाललं आहे. चूल पेटायच्या आधी मूठ बाजूला, म्हणजे हाच कोपरा.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी तुम्ही ताटातली कोशिंबीर खायला शिका.

हिशेबनीस

फौजी साहेब, हे मला पटलं. हिशेबात बसतं. खर्चाच्या आधी वजा. उरलं तर देऊ म्हणणाऱ्या मंडळ्यांत कधीच काही उरत नाही हे मी सहा वर्षं पाहिलं आहे. जेवणाबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.

नगरी_मावशी

हिशेबनीस, जेवण बंद करू नका हो. आमच्या मंडळीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, बायको गेली, मुलगा परदेशी. रोज खाणावळीचा डबा. वर्षातून दोनदा ते माणसांत बसून जेवतात, नाताळ आणि उपकारस्तुती. त्या दिवशी दाढी करून येतात. त्यांचं जेवण कुठल्या खात्यात धरणार?

हिशेबनीस

...

ठीक आहे. कमी करा म्हणतो. बंद नको.

पाचव्या_बाकावरची

बैठक काल झाली. पावणेतीन तास, त्यातला पाऊण तास चटया कुणाच्या घरी राहिल्या यावर.

सगळं काही गोड झालं नाही. नाताळचं जेवण राहणार, पण नऊ विरुद्ध सात मतांनी. ते वडीलधारे नाराज आहेत, आज उपासनेनंतर माझ्याशी बोलले नाहीत. मी कोडोलीकरांचा कोपरा जसाच्या तसा मांडला (नाव न घेता, 'एक शेतकरी भाऊ' म्हणून). ठरलं असं : पहिलं पातेलं उतरलं की प्रार्थनेच्याही आधी पन्नास माणसांचं जेवण डब्यांत भरून सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडं जाईल. बारा वाजता. सिस्टरांचं भाताचं कारण सांगितल्यावर वेळेवर वाद झाला नाही. एकानं विचारलं, मग आपल्याला कमी पडलं तर? कुणी उत्तर दिलं नाही. पाळकसाहेब हसले फक्त.

नावनोंदणी आधी, घराला कुपन. आकडा आता मी देणार नाही. मीच सांगितलं, माझ्या नाकावर भरवसा नको.

सिस्टर, तुम्ही आमच्या मंडळीतल्या नाही, पण तुमचं वाचून मी आमच्याकडच्या एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी गेले. चहा त्यांनीच केला, सवय. विचारलं. त्या म्हणाल्या, 'इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता डोळ्यांना नीट दिसत नाही, बीपीचं मशीन डिजिटल असेल तर येईन.' आम्ही मशीन घेतोय. लिलावातल्या नारळाच्या पैशांतून.

मिरजेची_सिस्टर

मशीन घेताना दंडाचा पट्टा मोठा-लहान दोन्ही मापांचा घ्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी जास्त दाखवतं आणि माणूस उगाच घाबरतो. मी पण आज आमच्या पाळकांना भेटलो. पुढचं नंतर लिहितो.

महाद्वारचा_मुलगा

डबे भरायला माणूस लागला तर मी येतो. मटणाला हात लावेन, घरी सांगू नका.

बावडेकर

सगळं झ्याक. आता कामाचं : नाताळला मटण किती किलो धरलंय?

पाचव्या_बाकावरची

दोनशे ऐंशी अधिक पन्नास डबे. पन्नास किलो.

बावडेकर

तीनशे तीस माणूस, पन्नास किलो. माणशी दीडशे. बरोबर हाय. पांढरा दोन टप्प्यांत सांगितलाय ना आचाऱ्याला?

पाचव्या_बाकावरची

सांगितलंय. तोंड वाकडं केलंय त्यानं.

तांबडा_रस्सा

कुपन नसलेल्या माणसाला तांबडा मिळेल का? एकाच्या वतीनं विचारतोय.